जर्मन मुलांच्या तोंडी क्रियापदाची जागा

प्रश्न असा आला आहे : जर्मनमध्ये साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं आणि ‘वाइल’ (कारण), ‘दास’ (की) यांनी सुरू होणाऱ्या गौणवाक्यात शेवटी जातं. यात मोठ्यांची दमछाक होते, मग तिथल्या चिमुरड्यांचा गोंधळ उडत नाही का?

जवळजवळ नाहीच! मला यातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. दोन वर्षांच्या सुमाराचं जर्मन मूल ‘मामा टे ट्रिंकन’ अशा धर्तीची वाक्यं बोलतं, म्हणजे ‘आई चहा पिणे’. इथे क्रियापद मराठीसारखं शेवटी आहे, पण ते कर्त्याप्रमाणे चालवलेलं नाही. त्याच काळात ते ‘मामा ट्रिंक्ट टे’ अशीही रचना करतं. रूप चालवलेलं असेल तर दुसरी जागा, नसेल तर शेवटची. डेव्हिड पोपेल आणि केनेथ वेक्सलर यांनी १९९३ मध्ये दोन वर्षं एक महिना वयाच्या एका मुलाचं बोलणं तपासलं, तेव्हा ही सांगड त्यांना फार थोडे अपवाद वगळता पक्की आढळली. म्हणजे क्रियापदाचं रूप आणि त्याची जागा मूल एकत्रच शिकतं.

गौणवाक्यं पुढे येतात. सुरुवातीला मुलं ‘वाइल’, ‘दास’ बऱ्याचदा गाळतात, पण क्रियापद मात्र शेवटीच ठेवतात. जर्मनीत कामासाठी आलेल्या इटालियन आणि स्पॅनिश भाषकांचा अभ्यास झाला, त्यात क्रम बरोबर उलटा निघाला. ते कर्ता-क्रियापद-कर्म या क्रमाने सुरुवात करत, आणि गौणवाक्यातलं शेवटचं क्रियापद त्यांना सर्वांत उशिरा साधे.

मुलांच्या चुका होतात त्या रूपांत. ‘गेगांगन’ (गेलेला) ऐवजी ‘गेगेट’, ‘गेट्रुंकन’ (प्यायलेला) ऐवजी ‘गेट्रिंक्ट’. आपली मुलं ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात, तोच हा प्रकार. यातली एक बारीक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी : नियमित ‘-ट’ प्रत्यय अनियमित क्रियापदांना सर्रास चिकटतो, उलट ‘-अन’ प्रत्यय नियमित क्रियापदांना क्वचितच लागतो.

विभक्तीला मात्र खरंच वेळ लागतो, विशेषतः चतुर्थीला. ‘मिट डेम बाल’ (चेंडूने) म्हणायचं असताना ‘मिट डेन बाल’ असं द्वितीयेचं रूप मुलांच्या तोंडी बराच काळ राहतं. ‘डेम’ आणि ‘डेन’ हे आघात नसलेले शब्द, आणि त्यांतला फरक भरभर बोलताना कानाला जेमतेम लागतो.