'फँड्री' पाहिल्यापासून घरी अभ्यासात मन लागत नाही. काय करू?

तू लिहिलंयस की सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच बारावी कला शाखेची परीक्षा देतोयस, मागच्या आठवड्यात 'फँड्री' पाहिलास आणि तेव्हापासून पुस्तक उघडलं की त्यातला जब्या, डुकरं पकडणाऱ्या दलित घरातला तो शाळकरी पोरगा, तोच दिसतो. घरचे म्हणतात, सिनेमा आहे, विसर. आणि तुला विचारायचंय की विसरायचं कसं.

विसरू नकोस. उत्तर इथेच संपतं खरं तर. पण 'सिनेमा आहे, विसर' हे वाक्य मी स्वतः घरात इतकं ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. तो दिवस आणि जाहिरातीतलं गाणं, यामुळे निम्मं थिएटर शाळेतल्या प्रेमाची गोष्ट समजून आलं होतं. आमचे चुलत बंधुराजही त्यातलेच. दादा तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि मी घरी. आजी अंथरुणाला खिळलेली, तिच्यापाशी दिवसभर कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी, हे कुणी न बोलताच ठरलं होतं. म्हणून कॉलेज सोडून मुक्त विद्यापीठातून बीए. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच नाशकात, गंगापूर धरणाच्या बाजूला. बहुतेक म्हणूनच नाशिककरांना त्याचं कौतुक नाही. "मुक्त म्हणजे पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहायचा ना?" हा विनोद मी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकलाय.

तर सिनेमा. डुक्कर पकडायचा तो लांबलचक प्रसंग सुरू झाला तसं थिएटर हसायला लागलं. जब्याचा बाप कचरू धापा टाकत पळतोय, घरातल्या बायका मागे धावताहेत, जब्या वर्गातल्या पोरांना दिसू नये म्हणून आडोसा शोधतोय आणि दादा मांडीवर थाप मारून हसतोय. तेवढ्यात पडद्यावरच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि ते सगळं कुटुंब डुकराचा नाद सोडून जागच्या जागी ताठ उभं राहतं. आमच्या पुढच्या रांगेतले एकदोघं बिचकत उठले, त्यांचं बघून मागचे, मग सगळेच. दादाच्या मांडीवरचे पॉपकॉर्न खाली सांडले. राष्ट्रगीत संपलं, लोक बसले, आणि पुन्हा हसायला लागले! मला तो सिनेमा लागला तो इथे. शेवटी जब्या भिरकावतो तो दगड नंतर आला.

घरी आल्यावर जेवताना दादाने निकाल दिला. बनवलाय चांगला, पण हे जातीपातीचं सगळं खेड्यापाड्यातलं, आणि आता तिकडेही काही राहिलेलं नाही. नाशकात तर कधीच नव्हतं. आमचं घर पंचवटीत, काळारामाच्या पूर्व दरवाजापासून हाकेच्या अंतरावर. मी ताटावरून उठले आणि माझं इतिहासाचं पुस्तक आणून त्याच्यापुढे ठेवलं. २ मार्च १९३०, दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिर सत्याग्रह. डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांनी इथली बाजू सांभाळली. चारही दरवाजांवर सत्याग्रही बसून आणि दरवाजे आतून बंद. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथावरून मारामारी झाली. वर्षानुवर्षं लढा चालला तरी दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. येवला म्हणजे काही परमुलूख नाही, आपलाच जिल्हा.

दादाने पान उलटून मुखपृष्ठ बघितलं आणि म्हणाला, "हां, मुक्तचं पुस्तक. त्यात काय, काहीही छापतात."

आजी आतून खोकली. तिचं लक्ष होतं हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. "त्या रामनवमीला आमच्या वडिलांनी कुणाला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नव्हतं म्हणे. मी तान्ही होते. आई सांगायची." दादा पाणी प्यायला आणि ताट उचलून आत गेला. वाद तिथे मिटला असं तुला वाटेल. छे! अजूनही दिवाळीला भेटला की विचारतो, "काय, चाललंय का समाजकार्य?"

आता तुझ्याकडे येते. घरून अभ्यास करणाऱ्याला असा सिनेमा जास्त लागतो, कारण बोलायला कुणी नसतं. कॉलेजात असतास तर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चारजणांनी त्यावर तावातावाने भांडण केलं असतं आणि चहाबरोबर निम्मं ओझं उतरलं असतं. घरी काय, समोर भिंत आणि मागे आईचा कुकर. मी वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागले. परीक्षण वगैरे काही नाही, मला काय दिसलं आणि थिएटरमध्ये कोण कधी हसलं, तेवढंच. मग इतिहासाचा तोच धडा पुन्हा काढला तर तो पाठ करावा लागला नाही. शेवटाकडे त्या कुटुंबाने काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावरून नेलेलं आठवतंय ना, आणि मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई? ती भिंत तुझ्या अभ्यासक्रमात आहे. इतिहासातही आणि राज्यशास्त्रातही. तिथून सुरुवात कर.

मात्र रात्री त्या शेवटच्या प्रसंगाचे तुकडे फोनवर पुन्हा पुन्हा बघणं बंद कर. त्याने समज वाढत नाही, फक्त झोप जाते. आणि जमलं तर दिवसातले काही तास घराबाहेर बस. नाशकात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात; तुझ्या गावातही काही ना काही असेलच. घरात बसणाऱ्याला घरातले रिकामटेकडा समजतात, पिशवी घेऊन बाहेर पडलास की लगेच विद्यार्थी होतोस. दादा चार वर्षं असाच पिशवी घेऊन बाहेर पडायचा, आणि त्याला कुणी भाजी निवडायला सांगितली नाही.

हां, एक राहिलंच. तू लिहिलंस त्यावरून मला हे साधं अस्वस्थ होणं वाटलं. पण जेवण तुटलं असेल, झोपच लागत नसेल, किंवा सिनेमातलं काही तुझ्यावरच बेतलेलं असेल तर माझं हे पुराण बाजूला ठेव आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे. तुझ्यावर बेतलेलं असेल तर 'अभ्यासाशी जोड' हा माझा सल्लाही तुला आगाऊ वाटेल, आणि तो तसा असेलही. मी बघणाऱ्यांच्या रांगेत होते.

आणि सतरा नंबरवाल्यांच्या प्रकल्पाचं आणि तोंडी परीक्षेचं संपर्क केंद्राच्या कॉलेजात बघावं लागतं. ते लोक स्वतःहून कळवतील या भरवशावर राहू नकोस. उद्याच जाऊन तारखा विचारून ये.