सेन्सर मोठा, पण उजेड किती? : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर 'एक इंची' आहे. म्हणजे तो २५ मिलिमीटरचा असतो का?

नाही, सेन्सर म्हणजे उजेड टिपून चित्र बनवणारा कॅमेऱ्यातला भाग, आणि तो १३.२ × ८.८ मिलिमीटरच असतो. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असे, चित्र उमटणारा भाग मात्र पुष्कळ लहान असे. नाव तेवढे तिथून आले आणि दिशाभूल करत राहिले. फुल-फ्रेम सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटर असतो. क्षेत्रफळात तो साधारण साडेसात पट भरतो.

प्रश्न : एक इंची आणि फुल-फ्रेम, दोन्ही कॅमेरे २० मेगापिक्सेलचे असताना मंद उजेडात छोट्या कॅमेऱ्याचे चित्र दाणेदार का येते?

मेगापिक्सेलवरून चित्राचे किती तुकडे केले ते कळते, उजेड किती गोळा झाला ते नाही. समजा, छोट्या सेन्सरच्या एका पिक्सेलने सरासरी १०० फोटॉन (प्रकाशकण) टिपले, तर एकसारख्या रंगाच्या भिंतीवरही शेजारशेजारच्या पिक्सेलांत सुमारे १० फोटॉनांचा (१०० चे वर्गमूळ), म्हणजे १० टक्के चढउतार होतो. हा प्रकाशाचाच स्वभाव आहे. तेच ॲपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा तोच एफ-आकडा (आकडा लहान, तितके छिद्र मोठे), आणि तोच शटरवेग (शटर किती वेळ उघडे राहते) ठेवल्यास फुल-फ्रेमच्या पिक्सेलला ७५० फोटॉन मिळतात आणि चढउतार साडेतीन-पावणेचार टक्क्यांवर येतो.

प्रश्न : अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा का?

आधी लेन्स पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. एक इंची सेन्सरवर एफ/१.८ ची लेन्स एकूण जेवढा उजेड देते, तेवढाच फुल-फ्रेमवर सुमारे एफ/४.९ ला मिळतो. त्यामुळे फुल-फ्रेम बॉडीवर एफ/५.६ ची स्वस्त झूम लावून गेलात, तर खिशातला कॅमेरा त्याच्या रुंद कोनात किंचित सरसच ठरेल. एफ/१.८ ची स्थिर फोकल लांबीची लेन्स लावलीत, तर मात्र साडेसात पटींचा पुरेपूर लाभ होतो. भित्तिचित्र सपाट असते. कॅमेरा भिंतीला समांतर धरला, की ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवूनही चित्र बहुतांशी स्पष्ट येते.

प्रश्न : कास पठारावरच्या बारीक फुलांसाठीही हेच लागू आहे का?

तिथे हिशेब उलटतो. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरील चिकट थेंब पुढून मागपर्यंत रेखीव हवे असतील, तर फुल-फ्रेमवर एफ/१६ पर्यंत जावे लागते. पुढून मागपर्यंतचा तेवढाच भाग रेखीव ठेवणे एक इंची सेन्सरला एफ/५.६ च्या आसपासच जमते. एफ/५.६ वरून एफ/१६ ला गेल्यावर सेन्सरवरील उजेड आठव्या हिश्शावर येतो, म्हणजे क्षेत्रफळाची कमाई तिथेच संपते. शिवाय पठारावर वारा असतो, झाड हलते, त्यामुळे शटरवेग कमी करण्याची सोय उरत नाही आणि आयएसओ (चित्र किती उजळवायचे तो आकडा) वाढवावाच लागतो. केवळ अशा फुलांसाठी मी मोठ्या सेन्सरवर पैसे घालणार नाही.