राईचा पर्वत, ठिणगीचा वणवा आणि फुलपाखरू

ठाण्याहून आलेला प्रश्न असा: ‘संध्याकाळी कळव्याजवळ एक लोकल चार मिनिटं अडकली आणि रात्रीपर्यंत कल्याणच्या गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं. हा बटरफ्लाय इफेक्टच ना? मराठीत याला राईचा पर्वत म्हणावं का?’

बटरफ्लाय इफेक्ट म्हणजे सुरुवातीच्या अगदी बारीक फरकातून पुढे इतका मोठा फरक पडणं, की पुढचं आधी सांगताच येत नाही. राईचा पर्वत इथे बसत नाही. त्या वाक्प्रचारात राई शेवटपर्यंत राईच असते, पर्वत करतो तो सांगणारा. म्हणून क्रियापद ‘करणे’ आणि कर्ता माणूस. अतिशयोक्तीवरचा टोमणा आहे तो, कार्यकारणाशी त्याचा संबंध नाही.

‘ठिणगीचा वणवा’ त्यापेक्षा जवळचा. पण मार्च-एप्रिलात येऊरच्या डोंगरावरचं गवत खडखडीत वाळलेलं असतं, तेव्हा कुठलीही ठिणगी चालते. जुलैत तीच ठिणगी जागीच विझते. म्हणजे खरं कारण साठलेलं वाळकं गवत, ठिणगी केवळ निमित्त. आणि वाळक्या गवतात ठिणगी पडली तर काय होईल हे आधी सांगता येतं.

लोकलचंही तसंच. एक गाडी थांबली की मागच्या थांबतात, तोवर फलाटावर गर्दी वाढते, चढा-उतरायला जास्त वेळ लागतो, म्हणून पुढची गाडी आणखी लेट. ही साखळी रेल्वेला पाठ असते. शिवाय रात्री गाड्या थांबतात तेव्हा गाडा बराचसा रुळावर येतो. कालची चार मिनिटं आजच्या पहाटेच्या गाडीला सहसा चिकटत नाहीत. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: खोळंबा. तोच वापरावा. फुलपाखराला कळव्याच्या रुळांवर आणायचं कारण नाही.

मग फुलपाखरू कुठे? कॅल्क्युलेटर घ्या. 0.4 हा आकडा 1 मधून वजा करा, उत्तराला पुन्हा 0.4 ने गुणा, मग 4 ने गुणा: 0.96. आता 0.4 च्या जागी 0.96 घेऊन तीच कृती. असं एकूण नऊ वेळा करा. मग 0.4 ऐवजी 0.401 घेऊन पहिल्यापासून करा. तिसऱ्या पायरीला उत्तरं 0.520 आणि 0.512, म्हणजे अजून शेजारी-शेजारी. आठव्याला 0.358 आणि 0.137. नवव्याला 0.919 आणि 0.474. नियम तोच, चूक कुठेही नाही, तरी वाटा फुटल्या. मधल्या पायऱ्यांचे दशांश कापू नका, नाहीतर आकडे तिसऱ्याच वाटेला लागतील (आणि तोच तर मुद्दा आहे). सुरुवातीला 0.5 किंवा 0.75 घेऊ नका: पहिला दोन पायऱ्यांत शून्यावर जाऊन बसतो, दुसरा जागचा हलत नाही.

एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाला 1961 साली हेच दिसलं. संगणकावरचं हवामानाचं गणित त्यांना मधूनच पुन्हा चालवायचं होतं. यंत्राच्या पोटात 0.506127 होतं, कागदावर तीनच दशांश छापलेले, म्हणून त्यांनी 0.506 भरलं. आधी आकडे जुळले, पुढे हवामानच वेगळं निघालं. पहिला संशय आला तो यंत्रातली एखादी व्हॅक्यूम ट्यूब (काचेची निर्वात नळी) कमजोर झाल्याचा.

फुलपाखरू आलं त्यांच्याच 1972 च्या व्याख्यानाच्या शीर्षकातून. ब्राझीलमध्ये फुलपाखरानं पंख हलवले तर टेक्सासमध्ये टोर्नेडो (भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ) उठेल का, असं ते शीर्षक. त्यातलं प्रश्नचिन्ह मराठी लेखांत हमखास गळतं, आणि ‘फुलपाखरामुळे वादळ आलं’ असं छापून येतं. इथे चुकतं ते शब्दयोगी अव्यय. ‘मुळे’ म्हणजे मूळ दाखवणं. लॉरेन्झ यांनी त्याच व्याख्यानात बजावलं होतं की एक फडफड वादळ उठवू शकत असेल तर तितक्याच सहजपणे ते टाळूही शकते. फडफडी अब्जावधी. मागे वळून एकीकडे बोट दाखवता येत नाही. म्हणजे इथे कारण-परिणामाचा धागा आहे, तो पकडता मात्र येत नाही. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ ही म्हणही म्हणून चालणार नाही, कारण ती धागाच नाकारते.

हवामानवाले यावर तोडगा काढतात तो असा: आजच्या मोजमापात मुद्दाम बारीक बदल करून तेच गणित अनेकदा चालवायचं. हवामान अंदाजाचं युरोपीय केंद्र असे 50 बदल घेतं. 50 पैकी 40 उत्तरांत मुसळधार आला तर शक्यता मोठी. दोन आठवड्यांपलीकडे उत्तरं इतकी पांगतात की कुठल्या दिवशी पाऊस हे सांगण्यात अर्थ उरत नाही. ‘पावसाळा जूनमध्ये येईल’ हे मात्र तेव्हाही सांगता येतं. सगळंच बेभरवशाचं नसतं.

शब्दाचं म्हणाल तर ‘फुलपाखरू परिणाम’ चालेल, ‘हरितगृह परिणाम’ रुळलाय तसा. विभक्ती शेवटच्या पदाला लागते: ‘फुलपाखरू परिणामाचा’, ‘फुलपाखराच्या परिणामाचा’ नव्हे. ‘प्रभाव’ नको, मराठीत तो बहुधा माणसाचा किंवा विचारांचा पडतो. नियमानं चालूनही अशा वाटा फुटण्याला शास्त्रात ‘केऑस’ म्हणतात, त्यासाठी ‘अनागोंदी’ही टाळा: अनागोंदीत नियम कोणी पाळत नाही, इथे तर आकडे नियमाबाहेर तसूभर जात नाहीत.

‘तसूभर’वरून आठवलं. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. तसूभर, तिळमात्र, काडीमात्र हे शब्द आपण बहुतेक नकारातच वापरतो: तसूभर फरक पडला नाही, तिळमात्र शंका नाही. लहान फरक मोजायचाच नाही हे भाषेनं गृहीत धरलंय. म्हणून लेखात एकदा ‘फुलपाखरू परिणाम’ लिहून झालं की पुढे नकार काढून लिहून पाहा: ‘सुरुवातीला तसूभर फरक होता, आठ दिवसांनी पावसानं ठाणे सोडून पनवेल गाठलं.’ ‘फरकामुळे’ लिहिलेलं नाही, पाहा.