वाचकांचे प्रश्न : एकाच आकड्यावर दोन देशांची केंद्रे

प्रश्न : आमच्या ट्रान्झिस्टरवर परभणी आकाशवाणीचे १३०५ किलोहर्ट्झवरील प्रक्षेपण दिवसा बऱ्यापैकी ऐकू येते, मात्र दिवेलागणीनंतर काटा न हलवताही त्यात परकी भाषा मिसळू लागते. हा दोष रेडिओचा की केंद्राचा? – एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : दोष दोघांचाही नाही. १९७५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियासाठी मध्यम लहरींच्या पट्ट्यात ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झपर्यंत, ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने, १२० जागा ठरवण्यात आल्या आणि नोव्हेंबर १९७८ पासून ही वाटणी अमलात आली. (१३०५ ला ९ ने पूर्ण भाग जातो तो यामुळेच.) केंद्रे हजारो असल्याने एकच जागा दूरदूरच्या अनेक देशांना द्यावी लागते.

दिवसा ही वाटणी सुरळीत चालते, कारण सूर्यप्रकाशामुळे सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर तयार होणारा विद्युतभारित थर वर जाणाऱ्या मध्यम लहरी शोषून घेतो आणि आपल्यापर्यंत केवळ जमिनीलगत येणाऱ्या, म्हणजे जवळच्या केंद्राच्याच लहरी पोहोचतात. सूर्यास्तानंतर हा थर विरतो. मग वर गेलेल्या लहरी त्याहून उंचावरील थरांवरून परावर्तित होऊन हजार-दीड हजार किलोमीटरवर, कधी त्याहूनही दूर उतरतात. औशापर्यंत येताना परभणीच्या लहरी क्षीण झालेल्या असतात, त्यामुळे तेथे ही सरमिसळ अधिक जाणवते. दोन केंद्रांच्या कंपनसंख्येत किंचितही फरक असला, तर आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. फरक अधिक असेल तर सलग घूं असा आवाज येतो.

यावर उपाय आहे आणि तो बिनखर्चाचा आहे, म्हणून तो अवश्य करून पाहावा. ट्रान्झिस्टरच्या आत तारेचे वेढे दिलेली फेराइटची काळी दांडी असते आणि मध्यम लहरींसाठी तीच अँटेना असते. बाहेरच्या लांब होणाऱ्या काडीचा येथे उपयोग होत नाही. दांडीचे टोक ज्या दिशेला असेल तिकडचे केंद्र सर्वांत क्षीण ऐकू येते, तर तिच्या काटकोनातील केंद्र सर्वांत स्पष्ट येते. परभणी आपल्या उत्तरेला आहे. नको असलेले केंद्र पश्चिम आशियातील असेल, तर दांडी पूर्व-पश्चिम येईल असा संच ठेवावा. बहुतेक संचांत ती लांबीच्या बाजूला आडवी असते. त्यानंतर संच अगदी थोडाथोडा फिरवत, परकी भाषा सर्वांत मंद होईल त्या जागी थांबावे.