धुळ्यात एकवीरा देवीच्या गोंधळात संबळाची दोन भांडी लहान-मोठी का असतात? ती शिव-शक्तीची खूण आहे का?

आकारातला फरक आवाजासाठी आहे: लहान भांडं उंच, टणत्कारी बोलतं आणि मोठं खर्जात घुमतं. गोंधळी वाजवताना जवळ उभं राहून पाहिलं की हे लगेच उमगतं. दोन्ही तोंडांवर कातडं दोरीने ताणलेलं असतं, जोडी एकत्र बांधून कमरेला अडकवतात. काड्याही सारख्या नसतात. लहान भांड्यावर सरळ काडी पडते, मोठ्यावर टोकाला वाकवलेली. त्या वाकड्या टोकानेच तो घुमारा निघतो. हातात घ्यायची संधी मिळाली तर आधी या काड्याच बघा, सगळं कसब तिथेच आहे.

जोडीला शिव-शक्ती मानणं हा भक्तांचा भाव आहे, आणि तो सुंदरच आहे, पण रचनेमागचं कारण म्हणून तो सांगू नये. परशुरामाने बेटासुराच्या शिराला तंतू लावून वाद्य केलं आणि ते वाजवत माहूरला रेणुकामातेला वंदन केलं, ही गोंधळाची कथा अनेकजण संबळाला चिकटवतात. तीत तार आहे, म्हणून ती तुणतुण्याच्या जातीच्या वाद्याला लागू पडते. अर्थात देवीपुढे संबळाचा मान त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.