आतड्याच्या लिम्फँजिएक्टेशियाचा आणि हातावरच्या चामखिळींचा काही संबंध असतो का?

तुमच्या मुलाला हे निदान झालंय, पायावर सूज आहे, आणि आता हातावर चामखिळी वाढत चालल्यात. मी डॉक्टर नाही, लातूरकडची एक आई आहे. आमच्या लेकीचं आठ वर्षं हेच चाललंय, म्हणून सांगते: संबंध असतो.

आमच्याकडं आधी सगळे सुजेच्याच मागं होते. मोजे काढले की घोट्यावर वळ, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. लघवीत प्रोटीन नाही, लिव्हर ठीक, तरी रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन घसरलेलं. मग जातंय कुठं? तर संडासवाटे. लिम्फँजिएक्टेशिया म्हणजे हेच: आतड्यातल्या लसिकावाहिन्या (चरबी आणि पांढऱ्या पेशी असलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) फुगतात, गळतात. दुर्बीण घातली तेव्हा अस्तरावर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले; तुकडा तपासल्यावर नक्की झालं.

त्या गळतीत लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, अन् अँटीबॉडीजही वाहून जातात. चामखीळ विषाणूची, आणि त्याला आवरणाऱ्या पेशीच कमी. म्हणून दोनदा जाळल्या, दोनदा परत आल्या. सासूबाईंनी घोड्याचा केस बांधला (घोडा कुठून आणला, विचारू नका), ते बोट पिकलं ते वेगळंच.

खरी धास्ती मात्र सुजलेल्या पायाची. टाचेच्या भेगेतून जंतू शिरले की पाय लाल, गरम, आणि थंडी वाजून ताप. असं झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. आमची लेक रानात अनवाणी जात नाही.

खाण्यात तेल-तूप, शेंगदाणे जवळजवळ बंद, प्रोटीन भरपूर, आणि एमसीटी (मध्यम साखळीच्या चरबीचं) तेल. ते लसिकावाहिन्यांत न जाता सरळ रक्तातून यकृताकडं जातं. पण आमची चूक करू नका. आम्ही उत्साहात साधं तेल पार तोडलं, तर पोरीची कातडी खवल्यासारखी सुटायला लागली. शरीराला लागणारी काही फॅटी ॲसिड्स एमसीटीत नसतात. आहारतज्ज्ञांनी करडईचं तेल मोजून, चमच्यानं परत सुरू केलं. अ, ड, ई, के जीवनसत्त्वं आणि झिंकही तपासून घ्या.

चामखिळी गेल्या नाहीत, कमी झाल्या. येळवशीला (वेळ अमावास्येला) ती साय काढलेल्या दुधाच्या ताकाची अंबील दोन वाट्या पिते आणि भज्जीतले (मिसळीच्या भाजीतले) शेंगदाणे वेचून भावाच्या ताटात टाकते.