मेन्टेनन्सवाल्याने संघटनेचे सभासद व्हावे का?

प्रश्न : भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी अकरा वर्षे मेन्टेनन्स विभागात आहे. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. आमचे नवे साहेब व्यावसायिक संघटनेचे सभासद व्हा, देखभाल आणि यंत्रांच्या विश्वासार्हतेतील जाणकारीचे प्रमाणपत्र देणारी सीएमआरपी ही परीक्षा द्या, असे सुचवतात. बंद पडलेले मशीन चालू करणे हे हाताचे काम. त्यात संघटना काय शिकवणार? आणि ‘अ‍ॅसेट मॅनेजमेंट’ म्हणजे आमच्याच कामाचे मोठे नाव का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : हाताचे काम हातानेच शिकावे लागते, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र मी जिथे उमेदवारी केली, त्या कारखान्याच्या ब्रेकडाउन रजिस्टरात एकाच पंपापुढे वर्षभरात चार वेळा ‘बेअरिंग बदलले’ अशी नोंद होती आणि ते का गेले हे लिहायला रकानाच नव्हता. चौथ्या खेपेस आमच्या जुन्या फिटरने सक्शन पाइपच्या फ्लँजचे बोल्ट सैल केले, तर पाइप बोटभर बाजूला सरकला. इतके दिवस त्याचा सगळा ताण पंपावर येऊन शाफ्टची सरळ रेषा, म्हणजे अलाइनमेंट, बिघडत होती.

तो रकाना कसा आखावा, त्यात काय मोजावे आणि कशाला काय म्हणावे, हे ठरवणे हेच या संघटनांचे सर्वांत मोलाचे काम आहे, असे मला वाटते. एक कारखाना स्पेअरची वाट पाहण्यात गेलेले तास दुरुस्तीच्या वेळेत धरतो, दुसरा फक्त पाना हातात असलेला वेळ धरतो. मग दोघांच्या आकड्यांची तुलना कशी करणार? अमेरिकेत 1992 साली स्थापन झालेली, सीएमआरपी परीक्षा घेणारी देखभाल व्यावसायिकांची संघटना एसएमआरपी आणि युरोपातील राष्ट्रीय देखभाल संघटनांचा 1970 पासूनचा महासंघ ईएफएनएमएस यांनी आपापले निर्देशांक शेजारी ठेवून त्यांच्या व्याख्या जुळवून घेतल्या, त्या याच अडचणीपोटी. आपल्याकडे रुजलेले टीपीएमही, म्हणजे यंत्र चालवणाऱ्यांसह सगळ्यांनी मिळून देखभाल करण्याची पद्धत, जपानमधील अशाच एका संस्थेने, जेआयपीएमने, जोपासले.

अ‍ॅसेट मॅनेजमेंट मात्र तुमच्या कामाचे दुसरे नाव नाही. यंत्र घ्यावे की नाही इथपासून ते भंगारात काढेपर्यंतचे सगळे निर्णय त्यात येतात आणि देखभाल हा त्यातला एक भाग असतो. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला कंप्रेसर पुढची दहा वर्षे वीजबिलातून किती पैसे खातो, हा प्रश्न त्यातला. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅसेट मॅनेजमेंटच्या पुढाकाराने 2004 मध्ये पास 55 हा या व्यवस्थापनाचे निकष सांगणारा दस्तऐवज निघाला आणि त्याच पायावर 2014 मध्ये आयएसओ 55000 ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आली.

आता परीक्षेविषयी. सीएमआरपीसाठी पदवीची अट नाही, त्यामुळे डिप्लोमा आड येणार नाही. परंतु तिच्या पाच विषयांत यंत्रांच्या विश्वासार्हतेबरोबर व्यवसाय, नेतृत्व आणि कामाचे नियोजनही येते. पुढे विभाग सांभाळायचा असेल तरच तिची फी सार्थकी लागेल, आणि ती कारखान्याने भरावी असे साहेबांना जरूर सुचवा. तुमचा जीव प्रत्यक्ष मशीनमध्येच रमत असेल, तर तंत्रज्ञांसाठी असलेली सीएमआरटी ही परीक्षा किंवा यंत्राच्या कंपनांवरून बिघाड ओळखण्याच्या, म्हणजे व्हायब्रेशन अ‍ॅनालिसिसची पहिली श्रेणी तुम्हाला अधिक जवळची वाटेल.